गेटवर मावशी अडल्या, टँकर आत गेला: सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढू लागले. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला ही नावं रोज बातम्यांत येत होती. एरवी हा आजार वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्याला होतो, त्यामुळे बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, आणि काही जणांना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, एवढं कळल्यावर कुणाच्याही पोटात गोळा येईल. भीती खोटी नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना त्या माणसांना मूर्ख ठरवायचा मोह होतो आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

हे प्रकरण धायरीच्या बाजूच्या एका मध्यमवर्गीय सोसायटीचं. तीन विंग, बहुतेक बिऱ्हाडं नोकरदारांची, काही निवृत्त मंडळी. महापालिकेचं पाणी पुरत नाही म्हणून टँकर ठरलेला. घरकामाला येणाऱ्या मावशी बहुतेक नांदेड-किरकटवाडीकडून येतात, काही चालत, काही शेअर रिक्षाने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी तिथे राहत नाही. विज्ञानाच्या गोष्टी घराघरांत कशा पोचतात, वाटेत त्यांचं काय होतं, हा माझ्या कामाचा विषय. म्हणून समितीतल्या एका ताईंनी मला बोलावलं. गटावरचे संदेश मी समितीच्या परवानगीने वाचले, बैठकीला बसले आणि नंतर काही मावशींशीही बोलले.

सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप गट कुठल्याही सोसायटीत असतो तसाच. पार्किंगची भांडणं, लिफ्ट बंद, हापूसच्या पेट्या, वाढदिवस. गटात फ्लॅटमालक आहेत, थोडे भाडेकरू आहेत. वॉचमन नाहीत, सफाई करणारे नाहीत, मावशी नाहीत. गटात जो नाही त्याच्याबद्दल गटात काय ठरतं, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

अडचण कशी उभी राहिली

एका रात्री जेवणानंतर ए विंगमधून संदेश आला: ‘आमच्या मावशींच्या शेजारच्या चाळीत एक केस निघालीये. मी तर त्यांना उद्यापासून येऊ नका सांगितलं. ज्याने त्याने आपापलं बघा.’

संदेश लिहिणाऱ्या बाईंच्या घरी लहान बाळ होतं. त्यांनी आपल्या घरापुरता निर्णय घेतला होता आणि सहज कळवला होता. पण ‘आपापलं बघा’ म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. पुढच्या दीड-दोन तासांत जे आलं त्यातलं थोडंच इथे देते. पनीर बंद करा. चिकन बंद करा. हा करोनाच्या लसीचाच परिणाम. आमच्याकडे आरओ आहे, आम्हाला काळजी नाही. पाणी उकळलं की त्यातला कस जातो. हा हवेतून पसरतो, एका डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, हे कुणी विचारलं नाही. बहुतेक वाक्यांची सुरुवात ‘मी ऐकलंय’ नाहीतर ‘माझं आपलं मत’ अशी. मत म्हणून टाकलं की पुराव्याची जबाबदारी राहत नाही, आणि वाचणारा मात्र ते बातमीसारखंच वाचतो.

मग कुणीतरी मतदान टाकलं: ‘कामवाल्या बायकांना काही दिवस बंद करावं का?’ हो की नाही. रात्री अकरापर्यंत ‘हो’ पुढे होतं. ज्यांनी मत दिलं ते एकूण सभासदांच्या निम्मेही नव्हते. सेक्रेटरींनी त्या संदेशावर अंगठ्याची खूण टाकली. त्यांनी मला नंतर सांगितलं की ‘वाचलं’ एवढंच त्यांना म्हणायचं होतं. सोसायटीच्या मॅनेजरने तो अंगठा म्हणजे मंजुरी समजून वॉचमनला फोन केला. ठराव नाही, बैठक नाही, कागद नाही. करोनाच्या काळात गेटवर रजिस्टर ठेवलं होतं, बायकांना अडवायची सवय वॉचमनला होती. तेच रजिस्टर पुन्हा बाहेर आलं.

सकाळी सातच्या सुमारास पहिल्या मावशी आल्या. वॉचमन त्यांच्याच भागातला, रोज रामराम करणारा. तो म्हणाला, ‘मावशी, वरून ऑर्डर आहे.’ त्यांनी विचारलं, ‘कुणाची?’ तो म्हणाला, ‘ग्रुपवर आलंय.’ त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता. त्या गेटच्या बाहेर कठड्यावर बसल्या, एकेका ताईंना फोन लावत. दोघींनी उचलला नाही. एकीने सांगितलं, ‘थोडे दिवस बघू.’ पगाराचं काय, हे त्यांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. तेवढ्यात टँकर आला, वॉचमनने गेट पूर्ण उघडलं, वहीत गाडीचा नंबर लिहिला आणि टँकर आत गेला.

आजाराबद्दल तेव्हा काय ठाऊक होतं

पुढचे निर्णय कळायला हे लागतं, म्हणून थोडं सविस्तर.

जीबीएस म्हणजे स्वतः एखादा जंतू नव्हे. आधी पोटाचा किंवा श्वसनाचा एखादा संसर्ग होतो; तो बरा होत असताना, एक ते तीन आठवड्यांत, शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. या आजाराचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू. त्याच्या आवरणावरचे काही रेणू मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखेच असतात, म्हणून ही गफलत होते. तरीही या जीवाणूची बाधा झालेल्या साधारण हजारात एकालाच जीबीएस होतो. हा जीवाणू दूषित पाणी, नीट न शिजलेलं चिकन, कच्चं दूध यांतून पोटात जातो. पुण्यातल्या रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅम्पिलोबॅक्टर आणि जुलाब-उलट्या घडवणारा नोरोव्हायरस हे दोन्ही सापडले होते. आरोग्य खात्याने पाणी उकळून प्या, शिळं आणि अर्धवट शिजलेलं खाऊ नका, असं सांगितलं होतं. संशयाची सुई पाण्याकडे होती. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं 2021 मध्ये महापालिकेत आली, पण शुद्ध केलेलं पाणी सगळीकडे पोचलेलं नव्हतं, आणि तिथल्या विहिरीच्या पाण्याची चर्चा सर्वत्र होती.

थोडक्यात, गटावरच्या बऱ्याच मतांत कुठेतरी सत्याचा कण होता. चिकनबद्दलचं बरोबर होतं, फक्त ‘नीट न शिजलेलं’ हे शब्द गळले होते. लसीबद्दलसुद्धा: 1976 मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लसीनंतर जीबीएसचं प्रमाण किंचित वाढलं होतं, लाखामागे साधारण एक जास्तीचा रुग्ण. पण पुण्यात रुग्ण एकाच पट्ट्यात दाटलेले होते आणि लस सगळ्या शहराने घेतली होती, हा साधा विचार त्या रात्री कुणी मांडला नाही. साफ खोटं असतं तर ते लवकर पडलं असतं. कण खरा असला की अफवा टिकते.

पहिला प्रयत्न फसला

बी विंगमधला एक तरुण अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. गटात खरी माहिती असलेला बहुधा तोच एकटा. त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी लिहिलं: ‘जीबीएस संसर्गजन्य नाही. मावशींना बंद करणं चूक आहे. कृपया अफवा थांबवा.’ सोबत इंग्रजीतली एक लांबलचक पीडीएफ जोडली.

काही तास शांतता होती. संध्याकाळी कुणीतरी नोरोव्हायरसची बातमी टाकली आणि खाली लिहिलं, ‘हा तर पसरतो म्हणे! मग आम्हाला काय सांगत होता?’ तरुण चिडला, दोन तिखट उत्तरं दिली, आणि मग गट सोडून गेला.

माझ्या मते प्रकरणाला इथे कलाटणी मिळाली. त्याचं वाक्य जीबीएसपुरतं शंभर टक्के खरं होतं. पण लोकांचा प्रश्न तो नव्हता. त्यांना विचारायचं होतं: घरात येणाऱ्या माणसाकडून माझ्या मुलाला काही होईल का? याचं प्रामाणिक उत्तर एका वाक्यात मावत नाही. जीबीएस माणसाकडून माणसाला होत नाही. ज्या पोटाच्या संसर्गानंतर तो होऊ शकतो तो मात्र न धुतलेल्या हातांतून पसरू शकतो, नोरोव्हायरस तर सहज पसरतो. म्हणून ज्याला जुलाब होताहेत त्याने स्वयंपाक करू नये, मग तो घरातला असो की बाहेरचा. या उत्तरात मावशींना बंद करण्याला काही आधार नाही, पण हात धुण्याला आणि आजारपणाच्या सुट्टीला पक्का आधार आहे. अर्धं उत्तर ठामपणे दिलं गेलं, दुसरा अर्धा भाग बातमीने आणला, आणि खरं बोलणाऱ्यावरचाच विश्वास गेला.

समितीपुढचे पर्याय

बंदीच्या तिसऱ्या दिवशी समिती सेक्रेटरींच्या घरी बसली. सगळ्यांच्या घरात भांडी साठली होती, हेही एक कारण होतं, आणि ते कुणी लपवलं नाही.

साथ ओसरेपर्यंत बंदी ठेवायची, असं खजिनदारांचं म्हणणं. काही झालंच तर समितीवर ठपका नको, हा त्यांचा मुद्दा. ठपक्याची भीती खरी असते. मानद काम करणाऱ्या माणसाला शिव्या खायची हौस नसते. दुसरं मत असं की गाजावाजा न करता वॉचमनला सांगून गेट उघडावं, विषय आपोआप मागे पडेल. हा सोपा मार्ग होता, पण मग मावशींना का अडवलं आणि का सोडलं हे कुणालाच कळलं नसतं, आणि पुढच्या साथीत गेट पुन्हा बंद झालं असतं. तिसरं, गट काही दिवस बंद करून फक्त अ‍ॅडमिनने संदेश टाकायचे. सेक्रेटरींना ते पटत होतं. मला बोलावणाऱ्या ताईंनी विरोध केला. लोकांची तोंडं गटावर बंद केली तर बोलणं लिफ्टमध्ये होईल, आणि लिफ्टमधलं आपल्याला वाचताही येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

आणि मग त्या म्हणाल्या, ‘आपण तीन दिवस मावशींबद्दल बोलतोय. कुणी त्यांना फोन केलाय का?’

कुणी केला नव्हता.

काय केलं

फोन तिथेच लावला, स्पीकरवर. एका मावशींचं बोलणं ताईंनी जसं लिहून घेतलं तसं देते: ‘आमच्या गल्लीत पाणी गढूळ येतंय, लई दिवस झाले. मी सांगितलं हुतं की कामावर, पाणी उकळून प्या म्हणून. आणि ताई, तुमचा टँकर तिथनंच भरतो. आमच्या वाटेवरच हाय ते, रोज बघते मी.’

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग खजिनदारांनी टँकरवाल्याचा नंबर शोधला.

टँकरवाल्याने कबूल केलं की पाणी खासगी विहिरीचं आहे आणि क्लोरीन ‘टाकतो कधी कधी’. गट सोडून गेलेल्या तरुणाला सेक्रेटरी त्या संध्याकाळी स्वतः जाऊन भेटले. हे त्यांनी चांगलं केलं. तो जलतरण तलावासाठी मिळतं तसं ओटी चाचणीचं किट घेऊन आला. चाचणी अगदी साधी: नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, आणि रंग पट्टीशी जुळवून प्रमाण कळतं. पिण्याच्या पाण्यात नळाशी पोचेपर्यंत लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन उरायला हवं.

जमिनीखालच्या टाकीतलं पाणी घेतलं. रंग नाही. तिन्ही विंगच्या गच्चीवरच्या टाक्या. रंग नाही. बघायला दहा-बाराजण गोळा झाले होते, मुलंसुद्धा. एका काकांनी घरून आरओचं पाणी आणलं, म्हणाले याचं करा. तेही पांढरंच राहिलं. ‘म्हणजे आरओ पण बाद?’ तरुणाने या वेळी घाई केली नाही. त्याने सांगितलं की आरओच्या यंत्रात आधीच कार्बनचा फिल्टर असतो, तो क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे तिथे रंग येणार नाही हे अपेक्षितच आहे. चालू स्थितीतल्या आरओचं पाणी त्यामुळे वाईट ठरत नाही. पण ते भांड्यात साठवलं आणि त्यात हात किंवा पेला बुडवला की त्याला वाचवायला क्लोरीन नसतं. शिवाय भाजी, भांडी आणि दात घासणं सगळं टाकीच्याच पाण्यात होतं. आणि त्याने आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली: रंग आला नाही म्हणजे पाण्यात जंतू आहेतच असं नव्हे. जंतू आले तर त्यांना मारायला काही नाही, एवढंच यातून कळतं.

नळीतलं ते बिनरंगी पाणी दहा-बारा जणांनी डोळ्यांनी पाहिलं. पीडीएफने जे झालं नव्हतं ते इथे झालं. लोक स्वतःहून प्रश्न विचारायला लागले, आणि प्रश्न चांगले होते.

पुढची कामं भराभर झाली. टाक्या उपसून धुतल्या. महापालिकेच्या आरोग्य निरीक्षकांना विचारून ब्लीचिंग पावडरची मात्रा ठरवली, पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबून पुन्हा चाचणी केली. तेव्हा नळीत फिकट पिवळा रंग आला. टँकरवाला बदलला.

गेट उघडायचं मात्र समितीने परस्पर ठरवलं नाही. पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बैठक घेतली आणि मावशींनाही बोलावलं. दोघी आल्या, मागे उभ्या राहिल्या. सेक्रेटरींनी पुढे बसायला सांगितल्यावर बसल्या. ए विंगमधल्या बाळाच्या आईने उभं राहून सांगितलं, ‘मला अजूनही भीती वाटते.’ कुणी तिला हसलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटलं. तिला तरुणाने ते पूर्ण उत्तर दिलं, दोन्ही भागांसकट. मग एक निवृत्त शिक्षिका बोलल्या. 1980 मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, त्यांच्या मागण्यांत आजारपणाची रजा होती, याची त्यांनी आठवण करून दिली. ‘जुलाब झाले तर येऊ नका म्हणताय, बरोबर आहे. पण खाडा कापणार असाल तर ती बाई जुलाब झालेत हे तुम्हाला कशाला सांगेल?’ त्यांच्या या एका प्रश्नाने नियम ठरला: मावशींना किंवा घरातल्या कुणालाही पोटाचा त्रास असेल तर त्या व्यक्तीने स्वयंपाकाला हात लावायचा नाही, मावशींनी कळवून सुट्टी घ्यायची, त्या दिवसांचा पगार कापायचा नाही, प्रत्येक घरात आल्याबरोबर साबणाने हात धुवायची सोय.

गटावर काय कळवायचं ते बैठकीतच चार ओळींत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. एका मावशींनी विचारलं, ‘आमाला कसं कळणार हे?’ म्हणून तेच सेक्रेटरींच्या आवाजात रेकॉर्ड केलं, आणि ज्यांच्याकडे साधे फोन होते त्यांना वॉचमनने तोंडी सांगायचं ठरलं.

निष्पन्न

बंदी आठवडा भरायच्या आत उठली. सोसायटीत जीबीएसचा एकही रुग्ण झाला नाही, पण तो टाकी धुतल्यामुळे टळला असं कुणी म्हणू नये. जीवाणूची बाधा झालेल्यांतही हजारात एकालाच होणारा आजार एवढ्याशा वस्तीत झाला नाही, यातून काही सिद्ध होत नाही. पुढे महापालिकेने या भागातले काही खासगी आरओ प्रकल्प दूषित पाण्यामुळे बंद केले, तेव्हा गटावर ती बातमी आली आणि तिच्याखाली पहिला प्रश्न होता: ‘आपली ओटी कधी केली होती?’ मला यात खूप समाधान वाटलं. महिन्याभरापूर्वी याच गटाने ‘कुणाला बंद करायचं’ असं विचारलं होतं.

सगळंच सावरलं नाही. ज्या मावशी पहिल्या दिवशी गेटवर बसल्या होत्या त्यांची दोन घरं कायमची गेली. एका घराने त्या दिवसांत भांडी घासायचं यंत्र घेतलं, दुसऱ्याने दुसरी बाई ठेवली. त्यांचा महिन्याचा हिशोब कोलमडला, आणि मुलीच्या क्लासची फी भरायला त्यांनी उसने पैसे घेतले. ज्यांनी मत टाकलं त्यांच्यापैकी कुणाच्याच खिशातून काही गेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री सेक्रेटरींनी अंगठ्याऐवजी एक ओळ लिहायला हवी होती: ‘हा समितीचा निर्णय नाही, उद्या बसून ठरवू.’ मॅनेजरला आणि वॉचमनला लेखी सूचनेशिवाय कुणालाही अडवायचं नाही, असा नियम आता केला आहे. तो करोनाच्या वेळीच व्हायला हवा होता.

मतदानाबद्दल माझं मत कडक आहे. भिंतींना कुठला रंग द्यायचा यावर खुशाल मतं घ्यावीत. आजार कशाने पसरतो हे मतांनी ठरत नाही, आणि ज्याची रोजी त्यावर अवलंबून आहे तो मतदार नसेल तर ते मतदान घ्यायचा अधिकारच कुणाला नाही.

तरुणाला मी दोष देत नाही, पण त्याच्यासारख्या माणसांनी काय करावं यावर मी त्याच्याशीही बोलले आहे. अफवेला उत्तर द्यायच्या आधी तिच्या मागचा प्रश्न कुणाचा आहे ते शोधावं. बाळाच्या आईला त्याने त्या दुपारी फोन केला असता तर पीडीएफची गरज पडली नसती. आणि उत्तरातला गैरसोयीचा भाग आपणच आधी सांगावा. तो बातमीतून कळला की आपण लपवला असं वाटतं.

सगळ्यात उपयोगी माहिती, टँकर कुठे भरतो ही, एका मावशींना साथ सुरू व्हायच्या आधीपासून ठाऊक होती. त्यांनी पाणी उकळायला सांगितलंही होतं. ज्या ताईंना सांगितलं त्यांना ते आठवत होतं, पण गटावर लिहावं असं वाटलं नव्हतं. मावशींचं बोलणं म्हणजे माहिती, हे त्यांच्या मनातच आलं नाही. समितीने आता टँकर आणि पाण्याच्या बैठकीला वॉचमन, प्लंबर आणि मावशींपैकी एक जण बोलवायचं ठरवलं आहे. आत्तापर्यंत एकदाच बोलावलं गेलंय.

बंदीच्या दिवसांचा पगार द्यायचा की नाही, हे प्रत्येक घरावर सोडलं होतं. काहींनी पूर्ण दिला, काहींनी कापला. कापलेला पगार सोसायटीच्या निधीतून भरून द्यावा असा प्रस्ताव निवृत्त शिक्षिकांनी लेखी दिला आहे. तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत आला, पण वेळ संपल्यामुळे पुढच्या सभेवर गेला.